जुन्या नावाने येणारा फोन

आमचं आडनाव मी एका शुक्रवारी दुपारी, चहाचा कप हातात धरून, एका यादीतून खोडलं. एकच ओळ होती. दोन सेकंदही लागले नसतील, रागात केलेल्या कामाला वेळ कुठे लागतो. पुढच्या सोमवारी मांजर्लीत पाणी भरलं, तेव्हा माझ्या आत्याने मला हाक मारली होती आणि ती त्या ओळीपाशी अडली, की तिने हाक मारलीच नव्हती, हे मला जवळजवळ वर्षभर कळलं नाही. कळून घ्यायची हिंमत नव्हती, असं म्हणते. खरं तेच आहे.

मी अंबरनाथ पूर्वेला राहते, एकटी. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळते. कुठला कॉम्प्युटर कुठल्याशी बोलणार, बाहेरचं कोण आत येणार, कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ठरवायचं काम. आत्या म्हणायची, तुला बरोब्बर मिळालं काम, लहानपणापासून तुला दारात उभं राहून नाही म्हणायची हौस. मी भडकू आहे हे आमच्या नातेवाइकांत सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी लोक मला बघून हसायचे, आता जरा जपून हसतात.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आई-वडील गेल्यावर जवळची अशी तीच उरली. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायची. तिचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ, पुण्याला नोकरीला. मला ताई म्हणतो. आत्याला मी अगंतुगं करायची आणि ती मला दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, एकच प्रश्न विचारायची. जेवलीस का.

हा प्रश्न आधी फोनवर यायचा. मी सर्व्हर रूममध्ये, थंडगार हवेत, कुठली तरी वायर दातात धरून उभी आणि आत्याचा फोन. एकदा फार खेकसले तिच्यावर. म्हटलं, ड्युटीवर फोन करत जाऊ नकोस, लिहून टाक, मी लगेच बघते. ती लिहायला लागली. सावकाश लिहायची, पण शुद्ध. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षराची फार किंमत होती तिला.

मग तो आवाजाच्या निरोपाचा प्रकार झाला. आमच्या नात्यातल्या एका लग्नाबद्दल आत्या घरच्या ग्रुपवर काहीतरी बोलली. वाईट नाही, पण घरात बोलायचं ते. कोणीतरी ते पुढे ढकललं, त्याने आणखी पुढे, आणि तिसऱ्या दिवशी मुलीच्या सासरचे लोक आत्याच्या दारात. भर दुपारी, शेजारपाजारचे बघत असताना, तिला तिचाच आवाज ऐकवला. त्यानंतर आत्याने ग्रुपवर बोलणं सोडलं. लिहिणंही सोडलं.

माझं डोकं सटकलं. म्हटलं, आपलं स्वतःचं चॅट करते. आपल्या घरात, आपल्या कॉम्प्युटरवर. बाहेरच्या माणसाला नाव माहीत असून उपयोग नाही, आतला माणूस काही पुढे ढकलू शकणार नाही. कारखान्यात मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर साहेबांना सांगून घरी आणला आणि स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी ठेवला. इंटरनेटवर त्याच्यासाठी एक नाव घेतलं. पत्त्यात आमचं आडनाव. दुसरं काय घेणार. ते नाव आपल्या घराकडे वळवायचं तर घराला इंटरनेटवर स्वतःचा कायमचा पत्ता लागतो. आमच्याकडे केबलवाला सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच पत्ता देतो. तो वेगळा मागायला गेले तर त्याचा माणूस म्हणाला, मॅडम, घरात एवढं काय चालवता? म्हटलं, घरच चालवते, तुम्ही द्या.

मग राउटरला सांगायचं की या दाराने जो येईल त्याला फ्रिजशेजारी पाठव. आणि सर्व्हरला, म्हणजे त्या कॉम्प्युटरला, एक यादी द्यायची. या या नावाने कोणी आलं तर आत घे, बाकीच्यांना नाही म्हण. ती यादी मी फार प्रेमाने केली होती. तिच्यात तेव्हा एकच नाव होतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावरच आहे. अशा चॅटमध्ये फोन एकदा आत आला की दार उघडंच धरून ठेवतो, म्हणून निरोप त्याच क्षणी पोचतो. तार तुटली की तो पुन्हा दार वाजवतो. नाही म्हटलं की थोडं थांबून परत वाजवतो. माणसाने त्यासाठी काही करावं लागत नाही. फोन पिशवीत पडलेला असो, माणूस झोपलेला असो, फोन आपला वाजवत राहतो. आणि माणसाने काही लिहिलं असेल तर ते जपून ठेवतो, दार उघडेपर्यंत.

आत्या पुन्हा लिहायला लागली. चुलत्यांची घरं आली, मामेभाऊ आला, पुण्याहून आतेभाऊ आला. बाराएक जण होतो. टिक आली म्हणजे पोचलं, घड्याळ दिसलं म्हणजे अजून फोनातच आहे, एवढं मी आत्याला शिकवलं. ती प्रत्येक निरोपानंतर टिकेची वाट बघत बसायची. तीन वर्षं चांगली गेली.

मग आतेभावाचा फोन आला. बोलायला अडखळत होता. त्याच्या वडिलांकडचं आडनाव असं आहे की कुठल्याही समाजात सापडेल. आमचं, म्हणजे त्याच्या मामाकडचं, तसं नाही. ऐकलं की लोकांना कळतं. ऑफिसात मोठ्या पडद्यावर काहीतरी दाखवताना त्याच्या लॅपटॉपवर आमच्या चॅटचा पत्ता दिसला. शेजारी बसणाऱ्याने विचारलं, हे तुमचे कोण? हा म्हणाला, मामाचं घर. तो म्हणाला, अच्छा. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस आपला डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर बसायला लागला.

"ताई, नाव बदलता येईल का?" आतेभाऊ म्हणाला. "काहीही ठेव. फुलाचं, नदीचं."

मला आधी त्या माणसाचा राग आला, मग याचा. पण हा एकटा जेवतोय, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी हो म्हटलं. नवीन, कोणाला काही कळणार नाही असं नाव घेतलं. पंधरा दिवस दोन्ही नावं चालू ठेवली. एकेकाने आपापल्या फोनमध्ये नवा पत्ता टाकला. आत्याचा फोन तेवढा राहिला. तिला ते जमणार नव्हतं, रविवारी मीच जाऊन करणार होते.

गुरुवारी संध्याकाळी तिला सांगितलं. ती मग म्हणाली, "माझं माहेरचं नाव आहे ते. तू कोण बदलणारी?"

मी सगळं समजावलं, तुझ्या पोरासाठीच करतेय म्हटलं.

"तो घाबरला, ठीक आहे. त्याला रोज तिथे बसायचंय. तू का घाबरलीस?"

हे माझ्या इतकं जिव्हारी लागलं की मी फोन ठेवून दिला. ज्या बापाने गाव सोडताना भिंतीवरची सगळी देवादिकांची चित्रं उतरवली पण दारावरच्या पाटीवरचं नाव उतरवलं नाही, त्याची मी मुलगी, आणि मला घाबरट म्हणतेस. रात्रभर मनातल्या मनात तिच्याशी भांडले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, यादी उघडली आणि जुनं नाव खोडलं.

विसरून खोडलं, घाईत खोडलं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. तसं नव्हतं. जुन्या नावाने येणारा फोन जगात एकच उरला होता, हे मला पक्कं माहीत होतं. म्हटलं, बस जरा बाहेर. चार दिवस कोणाशी बोलता आलं नाही की स्वतःच बोलावशील. रविवारी मी मांजर्लीला गेले नाही.

सोमवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. आमच्या कारखान्याच्या गेटपाशीही घोटाभर पाणी होतं, पण काम चालू होतं. माझ्या समोर एका पडद्यावर आमचं चॅट उघडं. दहाच्या सुमारास कोणीतरी लिहिलं, बदलापुरात नदी वर आलीय म्हणतात. मी लिहिलं, आत्या, मांजर्लीत काय परिस्थिती? आत्याकडे ते पोचणार नाही हे मला माहीत होतं का? माहीत होतं. पण त्या क्षणी खरंच लक्षात नव्हतं. तीन वर्षांची सवय होती, तिथे लिहिलं की आत्या वाचते. उत्तर आलं नाही. आणि माझ्या मनात काय आलं, तर रुसलीय. बसू दे. काही असतं तर लिहिलं असतं.

दुपारी मी डबा खाल्ला. मटकीची उसळ होती. हे लक्षात राहायचं काही कारण नव्हतं, पण राहिलं.

पाचच्या पुढे आतेभावाचा फोन आला. आत्याच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्याला कळवलं होतं. तळमजल्यात कमरेएवढं पाणी, आई आमच्याकडे आहे, काळजी करू नका. त्या दिवशी बदलापूरला जायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर पोचले, तर आत्या शेजाऱ्यांच्या खाटेवर, त्यांच्या सुनेचा गाऊन घालून बसलेली. पाय पांढरे, सुरकुतलेले. सकाळपासून एकटीने सामान वर चढवत होती. माझ्या वडिलांची कागदपत्रांची पेटीसुद्धा तिने माळ्यावर टाकली होती. मग पाण्यात पाय घसरून पडली आणि शेजाऱ्यांनी ओढून वर नेली.

"आलीस?" म्हणाली. "जेवलीस का?"

मी विचारलं, "चॅटवर काही लिहिलं होतंस का गं?"

माझ्याकडे बघितलं तिने. जरा जास्तच वेळ. "नाही गं. फोन कुठे हातात होता. पडला पाण्यात."

फोन एका थैलीत तांदळात घालून ठेवला होता. चालू झाला नाही. आठवड्याभरात आतेभावाने नवा आणला, मी त्यात नवा पत्ता टाकून दिला. आत्या नव्या नावाबद्दल एक अक्षर बोलली नाही. नातेवाईक विचारायला लागले, आत्याने त्या दिवशी ग्रुपवर का नाही टाकलं, आम्ही कोणी तरी गेलो असतो. मी म्हटलं, मांजर्लीकडचे टॉवर बसले होते. सगळ्यांनी मान डोलावली. नेटवर्कमधली बाई सांगतेय म्हटल्यावर कोण शंका घेणार.

घरी येऊन मी सर्व्हरची नोंदवही उघडली. कोण आलं, कोणाला आत घेतलं, कोणाला नाही म्हटलं, हे सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. शुक्रवार दुपारपासून एकसारख्या ओळी. जुनं नाव, नाकारलं. जुनं नाव, नाकारलं. सोमवारी सकाळी नेट येत-जात असावं, मध्ये मध्ये खंड होता. मग पुन्हा. शेवटची ओळ दुपारी पावणेदोनची. त्यानंतर काही नाही.

आता यातून काय कळतं? फोन दार वाजवत होता, एवढंच. फोन तर तसाही वाजवतोच. आत्याने काही लिहिलं होतं की नाही, हे दारातल्याला कसं दिसणार. ती म्हणाली नाही लिहिलं, म्हणजे नाही लिहिलं. असं म्हणून मी ती नोंदवही बंद करायची आणि थोड्या वेळाने परत उघडायची.

लोकांना भुतं दिसतात म्हणतात, मला या ओळी दिसायच्या. कारखान्यात कोणाचा पासवर्ड चुकला, पडद्यावर नाकारलं असं आलं, की मानेवर काटा यायचा. राउटरचा हिरवा दिवा लुकलुकला की वाटायचं, कोणीतरी दारात आहे. जुन्या नावाची मुदत संपत आली, तेव्हा मी ती वाढवली. वापरत नव्हते, यादीत परत घातलं नव्हतं, पण दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये असं वाटलं. खरं तर ते परत घालायला हात धजत नव्हता. घातलं की कबूल केल्यासारखं होईल.

आत्या त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. खोकला धरला तो सुटला नाही. डॉक्टर म्हणाले वय आहे, छाती आधीपासून कमजोर होती, पाण्याचा तसा संबंध नाही. डॉक्टरांचं मी लगेच ऐकलं. आत्या रोज विचारायची, जेवलीस का, आणि मी रोज लिहायची, हो. विचारावं एकदा खरं काय ते, असं दर रविवारी ठरवून मांजर्लीला जायची आणि भाजी निवडून परत यायची. थंडीत ती गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर झाला. माणसं पांगल्यावर आतेभाऊ आणि मी सामान आवरत होतो. माळ्यावर माझ्या वडिलांची पेटी होती. तिच्यात जुनी कागदपत्रं आणि वर, रुमालात गुंडाळलेला, तो पाण्यात पडलेला फोन. आत्या मोडकं काही टाकायची नाही, पण हा तिने पेटीत का ठेवला होता कोण जाणे.

आतेभाऊ म्हणाला, "तू बघ ताई. फोटो-बिटो असतील."

मी तो घरी आणून ड्रॉवरमध्ये टाकला. तिथे तो तीन-चार महिने होता. त्या ड्रॉवरमधली कात्री लागली तरी मी शेजाऱ्यांकडून मागून आणायची, इतकी येडी झाले होते. आतेभाऊ फोनवर दोनदा विचारून गेला, फोटो निघाले का. दुसऱ्यांदा मला खोटं बोलायचा कंटाळा आला. फोन घेऊन उल्हासनगरला गेले.

तिथे एक सिंधी काका मोबाइल दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावून. कारखान्यातले सगळे त्यांच्याकडेच जातात. त्यांनी फोन उघडला, ब्रशने गाळ झाडला. उल्हास नदीचा गाळ, वाळून पिठासारखा झालेला. मला म्हणाले, चाय पी के आओ. परत आले तर मान हलवत होते.

"दीदी, बैटरी बदल दी। फोन जिंदा है। लेकिन डिस्प्ले गया, और इस मॉडल का डिस्प्ले अब आता नहीं। चलेगा, दिखेगा कुछ नहीं।"

"अंदर का सब है?"

"सब है। बस, अंधा है।" मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "मम्मी का है?"

मी म्हटलं, हो.

त्या रविवारी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर, मी फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून चार्जिंगला लावला आणि चालू केला. काच काळीच. थोडा थरथरला, बस. आत्याने फोनला कधी कुलूप लावलं नव्हतं. माझ्याकडे राहायला यायची, त्यामुळे माझ्या घरचं वायफाय त्याला पाठ होतं. लॅपटॉपवर नोंदवही उघडून बसले. मिनिटभर काही नाही. मग ओळ आली.

जुनं नाव. नाकारलं.

थोडं थांबून परत. परत. वर्ष होत आलं होतं. फोन पेटीत, बाई गेलेली, आणि हा पावणेदोन वाजता सोडलेलं काम जिथे होतं तिथून पुढे करत होता. माझ्याच टेबलावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, माझंच दार वाजवत होता, आणि माझाच सर्व्हर त्याला नाही म्हणत होता.

करायचं काय ते स्पष्ट होतं. जुनं नाव घराकडेच वळलेलं होतं, त्याचं संपलेलं प्रमाणपत्र, म्हणजे हे दार खरंच आमचं आहे असं फोनला पटवणारा कागद, नव्याने घ्यायचं, आणि यादीत ती ओळ परत लिहायची. फोनने काही जपून ठेवलं असेल तर ते येईल. नसेल तर मी सुटले. पण आत्याने ग्रुपवर लिहिलं असेल तर ते बारा जणांच्या फोनवर जाणार, आणि टॉवरची गोष्ट उघडी पडणार. मग माझ्या धंद्यातल्या डोक्याने लगेच वाट काढली. प्रमाणपत्र घेऊन झालं की बाहेरून येणारी वायर राउटरमधून उपटून टाकायची. दोन्ही नावं राउटरला पाठ आहेत, घरातल्या घरात सगळं चालेल. जे काय यायचं ते मी एकटी बघेन, नको असेल ते पुसेन, मग वायर लावेन. कोणाला पत्ता लागणार नाही.

तसंच केलं. प्रमाणपत्र घेतलं, वायर काढली, यादीत आमचं आडनाव लिहिलं. टाइप करताना एक अक्षर दोनदा चुकले. आपल्याच नावात.

नोंदवहीत ओळ आली. जुनं नाव. आत घेतलं.

आणि पडद्यावर आत्या आली. तिचा निळ्या साडीतला फोटो, खाली वेळ आजची, मजकूर त्या दिवसाचा. आधी ग्रुपवर.

पाणी पायरीला लागलंय.

लाइट गेली.

पाणी आत आलं. कोणी जवळ आहे का.

घड्याळच दिसतंय. टिक येत नाही.

मग माझ्या एकटीच्या नावाने तीन निरोप, एकापाठोपाठ.

पोरी, तू मला यातून काढलंस का?

राग आला असेल तर नंतर भांड. आत्ता ये.

आणि शेवटचा.

काढलं असशील तर राहू दे. एक वाजला, जेवून घे.

तिने ओळखलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिने बरोबर ओळखलं होतं की टॉवर नाही, पाऊस नाही, हिने काढलंय. ड्युटीवर फोन करू नकोस म्हटलं होतं मी, तिने तेव्हाही केला नाही. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, नाही गं. पुढे सहा महिने रोज मला जेवलीस का विचारत राहिली, फोन रुमालात गुंडाळून माझ्या बापाच्या पेटीत ठेवून. मला वाचवलं तिने. मी काय केलं, तर मटकीची उसळ खाल्ली.

आता पुसायचं होतं. ठरल्याप्रमाणे. सात निरोप, सात वेळा बोट दाबायचं. मी लॅपटॉप बाजूला सारला आणि आतेभावाला फोन लावला.

सगळं सांगितलं. शुक्रवार, यादी, चहाचा कप, टॉवर. मुद्दाम केलं, हेही सांगितलं.

तो म्हणाला, "नाव बदलायला मी सांगितलं होतं, ताई."

"बदलायला सांगितलं होतंस. तिला बाहेर ठेवायला नव्हतं सांगितलंस."

"नाही," तो म्हणाला. तो मला सूट देत नव्हता, आणि ते बरं वाटलं. मग विचारलं, "आत्ता कुठे आहे ते सगळं?"

"माझ्या घरात. वायर काढून ठेवलीय."

"लाव," तो म्हणाला. "येऊ दे तिला."

मी वायर लावली. राउटरचे दिवे एकेक करून पेटले. पुण्याला त्याच्या फोनवर निरोप पडताना मला स्पीकरवर ऐकू आले, एक, दोन, तीन, चार. तो वाचत होता, श्वास ऐकू येत होता त्याचा. बाकीच्या घरांतूनही आता येतील प्रश्न, येऊ देत. माझ्या नावाचे तीन माझ्याकडेच होते. ते मी त्याला वाचून दाखवले. शेवटचाही वाचला.

मग मी त्या शेवटच्या निरोपाखाली उत्तर लिहिलं. जेवले. आणि पाठवलं.

टेबलावरचा काळा फोन थरथरला आणि टुण् करून वाजला.

"ताई," आतेभाऊ म्हणाला, "हा कोणाचा फोन वाजला?"

"आत्याचा," मी म्हटलं.